रसेल की चेंबरलेन : एका जुन्या वादाची चुकलेली मापे

वाद जुना झाला म्हणजे तो मुरतोच असे नाही. काही वाद नुसतेच शिळे होतात. अमेरिकेतील बास्केटबॉलच्या रसिकांत गेली साठ-पासष्ट वर्षे चाललेला ‘बिल रसेल श्रेष्ठ की विल्ट चेंबरलेन श्रेष्ठ’ हा वाद या दुसऱ्या जातीचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. दोघांपैकी आज कोणीही हयात नाही. चेंबरलेन १२ ऑक्टोबर १९९९ रोजी गेला, रसेल ३१ जुलै २०२२ रोजी. त्यांना समोरासमोर खेळताना पाहिलेली पिढीही विरळ होत चालली आहे. तरी वाद मात्र ताजातवाना आहे, आणि पहाटे उठून एनबीएचे सामने पाहणारी आपल्याकडची तरुण मंडळीही आता त्यात हिरिरीने उतरू लागली आहेत. ती येतात तीही दोन ठरावीक हत्यारे परजतच. एकाच्या हातात गुणांचा तक्ता, दुसऱ्याच्या हातात विजेतेपदांची यादी. आमचा आक्षेप वाद घालण्याला नाही. आक्षेप आहे तो या दोन मापांना.

साहित्याला वाहिलेल्या त्रैमासिकात हा विषय कशाला, असे विचारणाऱ्यांना एवढेच सांगतो, की हा प्रश्न चेंडूचा जितका आहे तितकाच मूल्यमापनाचाही आहे. जोड्या लावून श्रेष्ठत्व ठरवण्याचा षोक आपल्याला काही कमी नाही. बालगंधर्व आणि केशवराव भोसले १९२१ साली ‘संयुक्त मानापमान’साठी एका रंगमंचावर उभे राहिले, तरी त्यांच्या चाहत्यांचा वाद मिटला नाही. गावसकर की विश्वनाथ यावर तर कित्येक घरांतल्या जेवणाच्या पंगती लांबल्या आहेत. ‘वन्समोअर’ मोजणारे प्रेक्षक आणि पुरस्कार मोजणारे वाचक कोणत्याही काळात असतातच. तेव्हा या अमेरिकी वादाकडे परके म्हणून पाहण्याचे कारण नाही.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. बास्केटबॉलमध्ये ‘सेंटर’ म्हणजे बहुधा संघातील सर्वांत उंच खेळाडू. बास्केटच्या अगदी जवळचा मुलूख त्याचा. प्रतिपक्षाची फेक अडवायची, कडीवर आपटून परतणारा चेंडू, म्हणजे ‘रिबाउंड’, हवेतच झेलायचा आणि संधी मिळताच जवळून गुण करायचे, ही त्याची कामे. रसेल १९५६च्या डिसेंबरात, मेलबर्न ऑलिम्पिकचे सुवर्णपदक घेऊन, बॉस्टन सेल्टिक्स संघात आला आणि १९६९ पर्यंत तेथेच राहिला. चेंबरलेन १९५९ साली फिलाडेल्फिया वॉरियर्समध्ये आला. पुढे त्या संघाबरोबर सॅन फ्रान्सिस्कोला गेला, मग फिलाडेल्फियाच्याच सेव्हन्टीसिक्सर्समध्ये परतला, आणि १९६८ पासून १९७३ पर्यंत लॉस एंजेलिस लेकर्सकडे होता. म्हणजे दहा हंगाम हे दोघे एकाच काळात, एकाच जागी, एकमेकांच्या छाताडावर उभे राहून खेळले. तुलनेला इतकी थेट सामग्री क्रीडेतिहासात क्वचितच मिळते. आणि ती असताना रसिकांनी मोजपट्टी उचलली ती भलतीच.

आकडेवाल्यांचा पक्ष आधी घेऊ, कारण त्यांचा आवाज मोठा आहे. त्यांच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ आहे, हे नाकारणे वेडेपणाचे ठरेल. २ मार्च १९६२ रोजी पेनसिल्व्हेनियातील हर्शी या चॉकलेटच्या गावी, अवघ्या ४,१२४ प्रेक्षकांसमोर, चेंबरलेनने न्यूयॉर्क निक्सविरुद्ध एकट्याने १०० गुण केले. त्या १९६१-६२च्या हंगामात त्याची सरासरी होती सामन्याला ५०.४ गुण. सामना असतो ४८ मिनिटांचा. अतिरिक्त वेळ धरून तो सामन्यामागे सरासरी ४८.५ मिनिटे मैदानावर होता. कारकिर्दीत त्याने ३१,४१९ गुण आणि २३,९२४ रिबाउंड मिळवले, आणि रिबाउंडचा हा आकडा आजवर कोणाला गाठता आलेला नाही. १९६० साली खुद्द रसेलच्या संघाविरुद्ध एका सामन्यात त्याने ५५ रिबाउंड घेतले. रसेलची सरासरी? सामन्याला १५.१ गुण. त्याच्या शंभर फेकांपैकी जेमतेम चव्वेचाळीस बास्केटमध्ये पडत. हे सारे मांडून झाले की आकडेवाले विजयी मुद्रेने विचारतात, आता आणखी काय हवे?

हवे आहे ते असे. त्या हंगामात एनबीएचा प्रत्येक संघ सामन्याला सरासरी ११८ हून अधिक गुण करीत होता. खेळाचा वेग विलक्षण होता, फेका पुष्कळ होत्या, चुकलेल्या फेकाही पुष्कळ आणि म्हणून रिबाउंडही पुष्कळ. हर्शीच्या त्या सामन्याचा निकाल १६९-१४७ असा होता. अखेरच्या मिनिटांत निक्सचे खेळाडू चेंबरलेनकडे चेंडू जाऊ नये म्हणून इतरांना मुद्दाम धक्के देत होते, आणि वॉरियर्सचे खेळाडू चेंडू परत मिळावा म्हणून तेच करीत होते. त्याला सामना म्हणायचे की नवससायास, हे ज्याचे त्याने ठरवावे. आम्ही चेंबरलेनचा पराक्रम लहान करीत नाही; ६३ फेका करण्याएवढा दम आणि तितक्या वेळा चेंडू मिळवण्याएवढी हुकमत त्याच काळातल्या इतर कोणापाशी नव्हती. वेगाचा लाभ सर्वांनाच होता, शंभर मात्र एकालाच जमले. आमचे म्हणणे एवढेच, की ‘किती केले’ या प्रश्नाच्या उत्तरात ‘त्याने संघाचे काय झाले’ याचे उत्तर आपोआप सापडत नाही.

ते शोधायचे तर चेंबरलेनच्याच कारकिर्दीकडे पाहावे. १९६२-६३ मध्ये त्याची सरासरी ४४.८ गुण, त्याच्या संघाने ३१ सामने जिंकले, ४९ हरले. पुढच्या वर्षी अ‍ॅलेक्स हॅनम प्रशिक्षक म्हणून आला. सरासरी उतरली ३६.९ वर, आणि विजय चढले ४८ वर. १९६६-६७ मध्ये, पुन्हा हॅनमच्याच हाताखाली, सरासरी २४.१, विजय ६८, पराभव १३, आणि चेंबरलेनचे पहिले विजेतेपद. १९७१-७२ मध्ये लेकर्सकडून खेळताना सरासरी केवळ १४.८, विजय ६९, पराभव १३, सलग ३३ सामने अजिंक्य, आणि दुसरे विजेतेपद. या पायऱ्या एका दिशेने उतरतात आणि दुसऱ्या दिशेने चढतात. साथीदार बदलले होते हे खरेच. १९६२-६३चा संघ दुबळा होता आणि १९७२च्या संघात जेरी वेस्ट आणि गेल गुडरिच होते. तेवढी वजावट करूनही जे उरते ते आकडेवाल्यांना अडचणीचे आहे. ज्या आकड्यांच्या बळावर ते चेंबरलेनला सिंहासनावर बसवतात, ते आकडे सोडून दिल्यावरच त्याला सिंहासन मिळाले.

इतके वाचून रसेलपक्षीय मंडळी खुशीत आली असतील. त्यांनी जरा थांबावे, कारण आमच्या मते या वादात अधिक अन्याय त्यांनीच केला आहे. त्यांचे एकच पालुपद : अकरा विरुद्ध दोन. अमेरिकेत विजेत्या संघाच्या खेळाडूंना अंगठी देण्याची प्रथा आहे. रसेलच्या अकरा अंगठ्या दहा बोटांत मावत नाहीत, हा विनोद आता इतका झिजला आहे की तो ऐकवणाऱ्यालाच दंड करावा. या अकरांच्या जोरावर चेंबरलेनला ‘हरणारा’, ‘ऐन वेळी कच खाणारा’, ‘स्वार्थी’ अशी विशेषणे बहाल केली जातात. तो जिवंत असताना केली गेली आणि मेल्यावरही केली जातात. हा केवळ अरसिकपणा नव्हे, ही बदनामी आहे; आणि ती खोटी आहे हे सिद्ध करायला चार सामने पुरेसे आहेत.

रसेल आणि चेंबरलेन यांचे संघ हंगामोत्तर मालिकांत आठ वेळा भिडले. सात वेळा रसेलचा संघ जिंकला, एकदाच, १९६७ साली, चेंबरलेनचा. या सातांपैकी चार मालिका सातव्या, निर्णायक सामन्यापर्यंत गेल्या. त्या चार सामन्यांचे निकाल असे : १९६२ मध्ये १०९-१०७, १९६५ मध्ये ११०-१०९, १९६८ मध्ये १००-९६, १९६९ मध्ये १०८-१०६. फरकांची बेरीज करून पाहावी. दोन, एक, चार आणि दोन; एकूण नऊ गुण. चार सामन्यांतले हे नऊ गुण इकडचे तिकडे झाले असते तर आज रसेलपक्षीयांच्या तोंडी कोणते पालुपद असते, याची कल्पना त्यांनीच करावी.

बरे, हे नऊ गुण रसेलने चेंबरलेनवर मात करून मिळवले म्हणावे, तर तेही नाही. १९६२चा सामना १०७-१०७ असा बरोबरीत होता आणि दोन सेकंद उरले असताना सॅम जोन्सची लांबून केलेली फेक पडली. १९६५ची कथा तर रसेलभक्तांनी रोज सकाळी उठून वाचावी अशी आहे. बॉस्टनकडे एका गुणाची आघाडी होती, पाच सेकंद उरले होते आणि चेंडूही बॉस्टनकडेच होता. बाहेरून चेंडू आत टाकायला उभा होता स्वतः रसेल. त्याने टाकलेला चेंडू बास्केटला आधार देणाऱ्या तारेवर आपटला आणि नियमाप्रमाणे प्रतिपक्षाला मिळाला. रसेलच्या हातून, अगदी मोक्याच्या क्षणी! मग फिलाडेल्फियाच्या हाल ग्रीअरने आत टाकलेला चेंडू जॉन हॅव्हलिचेकने उडी घेऊन हिरावला आणि बॉस्टन वाचले. त्या सामन्यात चेंबरलेनचे गुण होते ३० आणि रिबाउंड ३२, आणि आघाडी एका गुणावर आणणारी शेवटची फेकही त्याचीच. ‘ऐन वेळी कच खाणारा’ तो हा! हॅव्हलिचेकचा हात सहा इंच मागे पडता, तर ऐन वेळी चेंडू घालवणारा म्हणून कोणाचे नाव निघाले असते, हे सांगायला नको.

१९६८ मध्ये फिलाडेल्फियाचा संघ ३-१ असा पुढे असूनही मालिका हरला. यात चेंबरलेनकडे बोट दाखवायला जागा आहे. सातव्या सामन्याच्या उत्तरार्धात त्याने केवळ दोन फेका केल्या. चेंडू त्याला मिळाला नाही की त्याने मागितला नाही, यावर हवे तेवढे भांडता येईल. पण ज्याला वर्षानुवर्षे ‘फार फेका करतो’ म्हणून धारेवर धरले, त्यालाच ‘फेका का केल्या नाहीस’ म्हणून विचारणाऱ्यांना आपण दोन्हीकडून बोलतो आहोत याची निदान जाणीव असावी. शिवाय त्या संघाचा बिली कनिंगहॅम मनगट मोडल्याने बाहेर होता. पण अंगठी मोजणाऱ्याला मनगट कशाला हवे?

आणि मग १९६९. लॉस एंजेलिसच्या ‘फोरम’ सभागृहाच्या छताला विजयोत्सवासाठी हजारो फुगे टांगून ठेवलेले. लेकर्सचा संघ ५५ विजयांचा; बॉस्टनचा म्हातारा झालेला, आपल्या विभागात चौथा आलेला. सामन्याची शेवटची पाच-सहा मिनिटे उरली असताना चेंबरलेनचा गुडघा दुखावला आणि तो बाहेर आला. थोड्या वेळाने त्याने परत जाण्याची तयारी दाखवली, तर प्रशिक्षक व्हॅन ब्रेडा कोल्फ याने त्याला आत घेतलेच नाही. अखेरच्या क्षणांत बॉस्टनच्या डॉन नेल्सनची एक फेक कडीच्या मागच्या बाजूवर आपटली, सरळ वर उडाली आणि खाली बास्केटमध्येच पडली. दोन गुणांनी बॉस्टन जिंकले. फुगे छतालाच राहिले. रसेलचे गुण त्या दिवशी सहा होते. रसेलची अकरावी अंगठी या चमत्कारिक उसळीवर उभी आहे आणि चेंबरलेनचे ‘हरणारा’ हे विशेषण एका प्रशिक्षकाच्या हट्टावर. (सर्वोत्तम खेळाडूचा त्या वर्षी नव्यानेच ठेवलेला मान पराभूत संघाच्या जेरी वेस्टला मिळाला. मान देणाऱ्यांना निदान त्या दिवशी तरी जिंकणे आणि चांगले खेळणे यांतला भेद कळला होता.)

या बदनामीची झळ केवळ कीर्तीला लागली नाही. हे दोघे प्रतिस्पर्धी असूनही मित्र होते; थँक्सगिव्हिंगच्या सणाला रसेल चेंबरलेनच्या घरी जेवत असे. १९६९च्या त्या सामन्यानंतर रसेलने चेंबरलेनच्या बाहेर बसण्यावर जाहीर टीका केली, आणि त्यानंतर वीसहून अधिक वर्षे दोघांत बोलणे नव्हते. पुढे रसेलने जाहीरपणे क्षमा मागितली, दोघे जवळ आले, आणि १९९९ मध्ये चेंबरलेनच्या शोकसभेत रसेल बोललाही. म्हणजे ज्याच्या बाजूने हे विशेषण वापरले जाते त्याने ते मागे घेतले. त्याच्या चाहत्यांनी मात्र ते अजून मागे घेतलेले नाही.

मग कोण श्रेष्ठ? येथवर दोन्ही पक्षांना झोडपून आम्ही ‘दोघेही आपापल्या जागी थोर’ अशी मखलाशी करून निसटणार, अशी कोणाची अपेक्षा असेल तर ती पुरी होणार नाही. आमच्या मते रसेल श्रेष्ठ होता. अकरा अंगठ्यांमुळे नव्हे, त्यांच्या पाठीमागे जे होते त्यामुळे. आणि ते कोणत्याही तक्त्यात नाही.

एनबीएच्या अधिकृत नोंदींत अडवलेल्या फेका मोजायला सुरुवात झाली १९७३-७४च्या हंगामापासून. रसेल १९६९ मध्ये निवृत्त झाला होता, चेंबरलेन १९७३ मध्ये. म्हणजे रसेलच्या खेळाचा जो गाभा, तोच नोंदवहीच्या बाहेर राहिला. चेंबरलेनही फेका अडवण्यात कमी नव्हता, हे खरे. फरक होता तो अडवल्यानंतर. सर्वसाधारण उंच खेळाडू चेंडूला असा तडाखा देतो की तो प्रेक्षकांत जाऊन पडावा; टाळ्या पडतात, आणि चेंडू पुन्हा प्रतिपक्षालाच मिळतो. रसेल चेंडूला हलकेच स्पर्श करून तो मैदानातच, आणि साधेल तेव्हा आपल्याच साथीदाराच्या दिशेने वळवीत असे. तेथून बॉब कूझी किंवा के. सी. जोन्स धावत सुटत आणि प्रतिपक्ष सावरण्याआधी दुसऱ्या टोकाला गुण होत. त्या गुणांच्या पुढे नाव पडे पळणाऱ्याचे. नोंदवहीत रसेल नाही.

यापलीकडे आणखी एक गोष्ट आहे आणि ती तर कोणीच कधी मोजू शकणार नाही. जी फेक झालीच नाही, ती कोठे नोंदवायची? बास्केटपर्यंत धावत येणारा खेळाडू रसेल कोठे आहे हे डोळ्यांच्या कडेने पाही आणि मन बदलून चेंडू दुसऱ्याकडे देई, किंवा दुरून फेकून मोकळा होई. प्रत्येक फेक अडवता येत नाही हे रसेल जाणून होता. मात्र प्रत्येक फेक अडवली जाईल अशी धास्ती प्रतिपक्षाच्या मनात पेरता येते, हे त्याने ओळखले. मागाहून अभ्यासकांनी त्या काळच्या संघांची दर चेंडूमागची गुणसंख्या काढून पाहिली, तेव्हा एक मौज बाहेर आली. ज्या सेल्टिक्सना आपण अमोघ समजत होतो तो संघ आक्रमणात अनेक वर्षे मध्यम, कधी तर तळाशी होता. जिंकत होता तो बचावावर. आणि त्या बचावाचा कणा एकच होता.

यावर आकडेवाल्यांचा ठरलेला प्रतिवाद : रसेलला साथीदार उत्तम लाभले. कूझी, शर्मन, हाइन्सन, सॅम जोन्स, हॅव्हलिचेक. वर रेड ऑवरबॅकसारखा धूर्त प्रशिक्षक. यात तथ्य आहे. पण तारखा पाहाव्यात. शर्मन १९६१ मध्ये गेला, कूझी १९६३ मध्ये, हाइन्सन १९६५ मध्ये. १९६६ मध्ये खुद्द ऑवरबॅकने प्रशिक्षकपद सोडले आणि ते रसेलकडे आले. एनबीएचा तो पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. शेवटची दोन विजेतेपदे त्याने खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत मिळवली. तेरा वर्षांत सारे बदलले. अकराही विजेतेपदांत हजर असलेला खेळाडू एकच. तो येण्यापूर्वी बॉस्टनला एकही विजेतेपद नव्हते. सॅम जोन्स आणि तो एकदमच निवृत्त झाले, आणि दुसऱ्याच वर्षी विजेत्या संघाची अवस्था ३४ विजय, ४८ पराभव अशी झाली. शिवाय सामन्याला सात-आठ गुण करणारा के. सी. जोन्स ‘हॉल ऑफ फेम’मध्ये आहे, तो कशाच्या जोरावर? तेथे बसवताना त्याची विजेतेपदे मोजायची, आणि मग ‘रसेलचे साथीदार पाहा, सगळे हॉल ऑफ फेममधले’ असे म्हणायचे, ही युक्ती चलाख असेल, प्रामाणिक नाही.

आमच्या बाजूचा सर्वांत वजनदार पुरावा मात्र १९६२ सालचाच आहे, शंभर गुणांच्या आणि ५०.४ सरासरीच्या त्या वर्षातला. हंगामातील सर्वोत्तम खेळाडू निवडण्याचा अधिकार त्या काळी खेळाडूंनाच होता. त्यांनी निवडला रसेल. त्याच वर्षी पत्रकारांनी निवडलेल्या हंगामाच्या पहिल्या आदर्श संघात सेंटरच्या जागी नाव होते चेंबरलेनचे. रसेल दुसऱ्या संघात! एकच हंगाम, तीच माणसे, तेच सामने. जे खेळत होते त्यांना एक दिसले, जे लिहीत होते त्यांना दुसरे. लिहिणाऱ्यांपुढे तक्ता होता. खेळणाऱ्यांपैकी प्रत्येकाने आपली फेक रसेलच्या बोटांना लागून वळलेली पाहिली होती. आम्हीही लिहिणाऱ्यांच्याच जातीचे, म्हणून हा निकाल आम्हाला झोंबतो; पण झोंबतो म्हणून तो खोटा ठरत नाही. ग्रंथांची संख्या आणि पुरस्कारांची लांबी छापून लेखकाचा परिचय ‘संपूर्ण’ करणाऱ्या आपल्या गौरविकांनी या दोन यादींकडे जरूर पाहावे. लेखकाने इतरांना काय लिहू दिले, कोणती वाट मोकळी केली, त्याच्या धाकाने किती भिकार पाने लिहायची राहिली, हे त्या परिचयात कधी येत नाही.

साक्षीदार आणखी एक आहे, आणि तो स्वतः चेंबरलेन. १९७१-७२ मध्ये लेकर्सचा प्रशिक्षक झाला बिल शर्मन, एकेकाळचा रसेलचा साथीदार. त्याच्या मदतीला के. सी. जोन्स. शर्मनने पस्तिशीतल्या चेंबरलेनला सांगितले ते थोडक्यात असे, की गुणांचा नाद सोड. बचाव कर, रिबाउंड घे आणि धावणाऱ्यांच्या हाती चेंडू दे. चेंबरलेनने ते ऐकले. जगातल्या सर्वाधिक गुण करणाऱ्या माणसाने आपले गुण खाली ठेवले, हे लहानसहान औदार्य नव्हे, आणि त्याला स्वार्थी म्हणणाऱ्यांना ते कधी दिसलेच नाही. त्या वर्षी अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला मिळाला. २००९ पासून त्या मानाला नाव आहे बिल रसेलचे. रसेलच्या रीतीने खेळता येईल एवढे सामर्थ्य चेंबरलेनमध्ये पहिल्यापासून होते. किंबहुना शरीरबळात रसेल त्याच्या जवळपासही नव्हता. ते सामर्थ्य कशासाठी वापरायचे हे रसेलला विद्यार्थिदशेतच उमगले होते, सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाला १९५५ आणि १९५६ अशी लागोपाठ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून देताना. चेंबरलेनला त्यासाठी दोन प्रशिक्षक आणि बारा वर्षे लागली. आमच्या लेखी श्रेष्ठत्वाचा फरक तो आणि तेवढाच. अंगठ्यांच्या यादीत दिसतो त्याहून फार लहान, आणि गुणांच्या तक्त्यात मुळीच न दिसणारा.

पुढील अंकासाठी प्रतिवाद येणार हे आम्ही गृहीत धरले आहे, आणि त्याचे स्वागतच करू. मात्र तो लिहिताना अकरा विरुद्ध दोन आणि शंभर विरुद्ध पंधरा हे आकडे कृपया पुन्हा पाठवू नयेत. ते आमच्यापाशी आहेत.